कापसाचे पैसे आणि मोबाइलमधलं नाणं



संक्रांतीच्या वाणाचे दिवस होते. आमचं रेकॉर्डिंग आटोपलं होतं, चहा व्हायचा होता आणि आर्णीकडच्या एक ताई केंद्राच्या दारात उभ्या होत्या. हातात मोबाइल. नाव सांगायचं नाही या अटीवर त्यांनी आम्हाला ही गोष्ट तुमच्यापर्यंत पोचवायची परवानगी दिली आहे. त्यांनी मोबाइल पुढे केला आणि म्हणाल्या, "ताई, यात माहे एकावन्न हजार चारशे दिसते. पण निघत काऊन नाही?"

दिवाळीत कापूस विकला, त्यातले वीस हजार त्यांनी एका ॲपमध्ये भरले होते. भाच्यानं सांगितलं होतं, की हे क्रिप्टोचं आहे, बँकेत काही भेटत नाही, इथे दोन महिन्यांत दुप्पट. खरंच, रोज सकाळी उघडलं की आकडा वाढलेला दिसायचा. मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी पैसे काढायला गेल्या तेव्हा ॲपवर निरोप आला: आधी नऊ हजार रुपये कर भरा, मग रक्कम सुटेल.

आम्ही काही बोलायच्या आत त्या खाली बघून म्हणाल्या, "आणि मी गटातल्या चौघींचेबी भरले. दहा-दहा हजार."

त्या संध्याकाळी चहा तसाच राहिला. त्यांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी काहींची उत्तरं आम्हाला लगेच देता आली, काहींची नाही. आम्ही वाचलं, वकील मैत्रिणीला विचारलं, आपसात वादही घातला. त्यातून हे बोलणं तयार झालं.

आधी हे नाणं म्हणजे काय ते बघू. बचत गटाच्या बैठकीत आपण काय करतो? कुणी किती भरले, कुणी किती उचलले, हे वहीत लिहून सगळ्यांसमोर वाचतो. वही एकीकडेच असते आणि तिच्या मनात आलं तर एखादी ओळ खोडता येते, म्हणून मोठ्यानं वाचायचं. आता समजा, त्या वहीची नक्कल प्रत्येकीच्या घरी आहे आणि एकीकडे नोंद झाली की सगळ्यांच्या वह्यांत ती आपोआप उमटते. मग एकटीनं खोडून काय होणार? बाकीच्या वह्या खोटं उघडं पाडतील. जगभरच्या हजारो संगणकांवर अशी एक वही ठेवलेली असते, तिला ब्लॉकचेन म्हणतात. २००९ मध्ये सुरू झालेलं बिटकॉइन हे या वहीवरचं पहिलं गाजलेलं नाणं. सातोशी नाकामोतो या नावानं ते कुणी तयार केलं, तो माणूस कोण हे आजही जगाला ठाऊक नाही. अशी नाणी २ कोटी १० लाखांच्या वर कधीच निघणार नाहीत, असं त्याच्या रचनेतच लिहून ठेवलेलं आहे.

इथपर्यंत हुशारीचं काम आहे, त्याला नावं ठेवायचं कारण नाही. प्रश्न किमतीचा येतो. कापसाचा भाव पडला तर आपण रडतो, पण कापूस तर घरात राहतो. त्याची गाठ बांधली जाते, सरकी निघते, सूत होतं. हमीभाव असतो, सीसीआयचं खरेदी केंद्र असतं. उशिरा का होईना, रांगेत का होईना, कुणी तरी घेतं. बिटकॉइनच्या मागे असं काही नाही. पुढचा माणूस जेवढे द्यायला तयार, तेवढीच त्याची किंमत. नोव्हेंबर २०२१ मध्ये एक बिटकॉइन सुमारे ६९ हजार डॉलरला गेलं होतं. वर्षभरात ते १६ हजारांच्या आसपास आलं. पुढे ते परत चढलंही, कित्येक पटींनी. ज्यांना थांबता आलं त्यांना फायदा झाला. पण पेरणीच्या तोंडावर ज्यांना पैसे लागतात, त्यांना थांबता येत नाही.

आता एक मोठा फरक लक्षात घ्या, कारण सगळा घोळ इथेच होतो. खरं नाणं विकत घेणं ही एक गोष्ट आणि नाण्याच्या नावानं कुणाच्या तरी योजनेत पैसे भरणं ही दुसरी. पहिल्यात धोका आहे. दुसऱ्यात बहुतेक वेळा नाणंच नसतं. आर्णीच्या ताईंच्या ॲपमध्ये जो आकडा वाढत होता, तो कुणी तरी नुसता टाइप करत होतं.

आपल्या महाराष्ट्रातलं सगळ्यात मोठं प्रकरण याच दुसऱ्या जातीचं आहे. 'गेनबिटकॉइन' नावाची योजना २०१५च्या सुमारास सुरू झाली. अमित भारद्वाज हा तिचा म्होरक्या. बिटकॉइन आमच्याकडे द्या, आम्ही ती नवी नाणी काढण्याच्या यंत्रांत गुंतवतो आणि तुम्हाला दर महिन्याला दहा टक्के देतो, १८ महिने. जरा हिशोब करा. महिन्याला दहा टक्के म्हणजे अठरा महिन्यांत एकाचे एक पूर्णांक आठ. बँक वर्षाला सहा-सात टक्के देते, आणि हा माणूस महिन्याला दहा. असा कोणता धंदा आहे? जुन्यांना नव्यांच्या पैशातून द्यायचं, एवढाच. नवे येणं कमी झालं तेव्हा बिटकॉइनऐवजी 'एमकॅप' नावाचं स्वतःच काढलेलं नाणं लोकांच्या हातावर ठेवलं, ज्याला बाजारात किंमत उरली नाही.

एप्रिल २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी भारद्वाजला अटक केली. जानेवारी २०२२ मध्ये तो वारला, खटला संपायच्या आधीच. सक्तवसुली संचालनालयाच्या म्हणण्याप्रमाणे २०१७ मध्ये लोकांकडून गोळा झालेल्या बिटकॉइनची किंमत ६,६०० कोटी रुपये होती. गुन्हे अनेक राज्यांत दाखल झाले. डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते सगळे सीबीआयकडे दिले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये सीबीआयनं देशभरात साठाहून जास्त ठिकाणी झडत्या घेतल्या. म्हणजे योजना सुरू होऊन दहा वर्षं झाली आणि तपास चालूच.

यातली एक गोष्ट ऐकून आम्ही थक्क झालो. तपासात मदत करायला पोलिसांनी बाहेरचे दोन जाणकार घेतले होते. त्यांतला एक पूर्वीचा पोलीस अधिकारी. जप्त केलेल्या खात्यांतली नाणी परस्पर स्वतःकडे वळवल्याच्या आरोपाखाली मार्च २०२२ मध्ये पुणे पोलिसांनी त्या दोघांनाच अटक केली. आरोप सिद्ध व्हायचा तो न्यायालयात होईल. पण या पैशाची जात कशी आहे ते यातून कळतं. ज्याच्याकडे किल्ली, म्हणजे तो लांबलचक गुप्त क्रमांक, त्याचं नाणं. सोनं चोरीला गेलं तर निदान डाग ओळखू येतो.

पुणं लांब वाटत असेल तर नागपूर घ्या. 'इथर ट्रेड एशिया' नावाच्या योजनेत सुमारे दोन हजार लोकांचे चाळीस कोटी रुपये गेल्याचं त्या वेळी पोलिसांनी सांगितलं होतं. मुख्य आरोपी मार्च २०२२ मध्ये लोणावळ्यात सापडला.

"पण ताई, भाचा म्हणते का सरकार यावर टॅक्स घेते, म्हंजे कायद्यात बसते." हा त्यांचा पुढचा प्रश्न. अगदी रास्त प्रश्न आहे, आणि एजंट लोक नेमका हाच मुद्दा पुढे करतात.

आपल्याकडे नियम म्हणजे काय हे समजायला दिल्लीला जायची गरज नाही. वऱ्हाडात शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी कापूस विकायला गेलेल्या शेतकऱ्याला कुणाच्या काट्यावर माप होतं, किती कट्टी कापली जाते, काही कळायचं नाही. १८८६ मध्ये कारंज्याला, आपल्या दारव्ह्याच्या शेजारी, कापसाची देशातली पहिली नियंत्रित बाजारपेठ झाली आणि १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा आला. बाजाराची जागा ठरलेली, देखरेखीला समिती. आजच्या बाजार समितीत काय काय चालतं ते आपल्याला माहीत आहे, त्याची तरफदारी आम्ही करत नाही. पण तिथे भांडायला एक खिडकी असते. क्रिप्टोच्या बाजारात ती खिडकीच नाही.

झालं असं. रिझर्व्ह बँकेनं डिसेंबर २०१३ मध्येच लोकांना सावध केलं होतं. एप्रिल २०१८ मध्ये तिनं बँकांना सांगितलं, या व्यवहारांना सेवा देऊ नका. मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते परिपत्रक रद्द केलं. बँकांचं नेमकं काय नुकसान झालं हे रिझर्व्ह बँकेला दाखवता आलं नाही, असा त्याचा मतितार्थ. मग २०२२च्या अर्थसंकल्पात कर आला: नफ्यावर ३० टक्के, आणि १ जुलै २०२२ पासून ठरावीक रकमेवरच्या विक्रीवर १ टक्का आधीच कापून. त्याच फेब्रुवारीत अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी राज्यसभेत स्पष्ट केलं होतं, की आत्ता आम्ही याला कायदेशीरही ठरवत नाही आणि बंदीही घालत नाही. कर घेणं म्हणजे मान्यता नव्हे. आयकर खातं उत्पन्न बघतं; ते कुठल्या वाटेनं आलं याचा दाखला देत नाही.

आणि तो कर तरी कसा? समजा, एका नाण्यात तुम्हाला दहा हजार मिळाले आणि दुसऱ्यात दहा हजार बुडाले. आपण म्हणू, बरोबरी झाली. कायदा म्हणतो, नाही. मिळालेल्या दहा हजारांवर तीन हजार कर आणि वर उपकर भरा. बुडालेल्याची वजावट नाही. दुसऱ्या कुठल्या कमाईतूनही तो तोटा वजा होत नाही.

मार्च २०२३ पासून क्रिप्टोचे व्यवहार करणाऱ्या कंपन्यांना काळा पैसा रोखण्याच्या कायद्याखाली आणलं, त्यांना केंद्राच्या वित्तीय गुप्तवार्ता विभागाकडे नोंदणी करावी लागते. ही नोंदणी कशासाठी आहे ते नीट समजून घ्या. संशयास्पद व्यवहार सरकारला कळावेत म्हणून. तुमचे पैसे सुरक्षित राहावेत म्हणून नव्हे. शेअर बाजारावर सेबी आहे, बँकांवर रिझर्व्ह बँक आहे, विम्यावर विमा प्राधिकरण आहे. क्रिप्टोत बुडालेल्या माणसासाठी असं कुणीही नाही. जाहिरातींतही तसा इशारा द्यावाच लागतो, नुकसान झाल्यास दाद मागायला नियामक नसेल म्हणून. तो इतक्या भरभर वाचतात की आमच्यातल्या निवेदिकेलाही जमणार नाही.

यवतमाळकरांना हा फरक एका कडू अनुभवावरून कळेल. आपल्या शहरातली बाबाजी दाते महिला सहकारी बँक. नोव्हेंबर २०२१ मध्ये तिच्यावर निर्बंध आले, खात्यातून पाच हजारांवर काढता येईना. वर्षभरात परवानाच रद्द झाला. किती बायकांची झोप उडाली होती ते आम्ही वेगळं सांगायला नको. पण बँक असल्यामुळे ठेवींवर पाच लाखांपर्यंत विमा होता. परवाना रद्द करताना रिझर्व्ह बँकेनं सांगितलं, की शंभरातल्या सुमारे ७९ ठेवीदारांना त्यांची पूर्ण रक्कम विम्यातून मिळू शकेल. मोठ्या ठेवी असणाऱ्यांचं दुःख तरीही राहिलंच. त्यासमोर दुसरं चित्र ठेवा. १८ जुलै २०२४ रोजी 'वझीरएक्स' या आपल्या देशातल्या मोठ्या क्रिप्टो बाजारावर चोरी झाली. सुमारे २३ कोटी डॉलर, आपले जवळपास दोन हजार कोटी. एकूण ठेवींतला पंचेचाळीस टक्क्यांच्या आसपास भाग. सगळ्यांचे व्यवहार थांबले, लोकांनी वाट बघितली ती सिंगापूरच्या न्यायालयाची, कारण मालक कंपनी तिथली. ऑक्टोबर २०२५ मध्ये तो बाजार परत सुरू झाला. पाच लाखांचा विमा वगैरे काही नाही. आणि हा तर खरा, नोंदणी असलेला बाजार होता बरं.

खोट्या योजनांवर मात्र कायदा आहे. ठेवीदारांच्या संरक्षणाचा महाराष्ट्राचा १९९९चा कायदा आहे, ज्याला एमपीआयडी म्हणतात. अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा केंद्राचा २०१९चा आहे. त्याहून जुना १९७८चा कायदा आहे, साखळी योजनांवर बंदी घालणारा, आणि त्यात फक्त योजना चालवणारा गुन्हेगार नाही. सभासद होणं, त्यात भाग घेणं, त्यासाठी पैसे घेणं किंवा पाठवणं, सगळ्यालाच मनाई आहे.

हे वाचून दाखवलं तेव्हा ताईंचा चेहरा उतरला. कारण त्या चौघींना आणल्याबद्दल त्यांच्या खात्यात चार हजार रुपये जमा झाले होते. खरेखुरे. सुरुवातीला थोडे पैसे खरे देतात, तेच तर आमिष.

या चार हजारांवर आमच्यात वाद झाला. एकीचं म्हणणं, ती बिचारी स्वतःच फसली, तिला आणखी काय बोलायचं? वीस हजार गेलेत तिचे. दुसरीचं म्हणणं, ते चार हजार आले कुठून? चौघींनी भरलेल्या चाळीस हजारांतूनच ना? शेवटी आमचं सगळ्यांचं मत दुसरीच्या बाजूनं पडलं. माहीत नसताना घेतले, तोपर्यंत दोष फसवणाऱ्याचा. कळल्यावर ठेवले, तर मग ते शेजारणीच्या डब्यातले पैसे आहेत. त्या चौघींनी ॲपवर विश्वास ठेवलेला नव्हता, त्यांनी या ताईंवर ठेवला होता. सहा वर्षं एकत्र गट चालवला, एकीनं कधी हप्ता चुकवला नाही, तो विश्वास.

पैसे कुणाचे, हा प्रश्न आम्हाला कायद्यापेक्षाही मोठा वाटतो. यवतमाळात किंवा पुसदला नोकरी करणारी तरुण मुलं-मुली आहेत, जी स्वतःच्या पगारातून थोडी नाणी घेतात, कर भरतात, बुडाले तर हसून सोडतात. त्यांना आम्ही काय म्हणणार? पण गटाचं अंतर्गत कर्ज शेळ्यांसाठी म्हणून उचलायचं आणि ॲपमध्ये टाकायचं, हे बरोबर नाही. ते बुडालं तर फेड दहा जणींना करावी लागते, ज्यांना कुणी विचारलेलंच नव्हतं. पीक कर्जाचं, मायक्रोफायनान्सच्या हप्त्याचं तेच. आणि बिटकॉइनच्या खऱ्या यंत्रांबद्दलही एक गोष्ट मनात येतेच: मध्यम आकाराच्या एखाद्या देशाला वर्षभर पुरेल इतकी वीज ती खातात. आपल्याकडे गव्हाला पाणी द्यायला माणूस रात्री दोन वाजता टॉर्च घेऊन निघतो, कारण तेव्हाच लाइन असते.

लपवण्याबद्दलही बोलू. आर्णीच्या ताईंनी घरी सांगितलं नव्हतं. नवऱ्यापासून लपवून डाळीच्या डब्यात चार पैसे ठेवणं यात आम्हाला काही गैर वाटत नाही. त्या डब्यानं किती घरं तारली आहेत. पण फसवणाऱ्यांना हे गुपित फार सोयीचं पडतं. घरी माहीत नाही म्हणून बाई तक्रारीला जात नाही, आणि तक्रार नाही म्हणून तेच ॲप पुढच्या गावात जातं.

उलटंही घडतं. मुलगा किंवा दीर म्हणतो, वहिनी, तुमचं आधार, पॅन आणि बँकेचं पासबुक द्या, तुमच्या नावानं खातं उघडतो. कधी तर 'खातं वापरायला दे, महिन्याला दोन हजार देतो' असंही. अशा खात्यातून कुठल्या तरी फसवणुकीचे पैसे फिरतात आणि एक दिवस ते खातं गोठवलं जातं. त्याच खात्यात निराधार योजनेचे पैसे येत असतात, मुलाची शिष्यवृत्ती येत असते. पोलिसांची विचारणा बाईच्या नावानं, आयकराची नोटीसही तिच्याच नावानं. कागद देताना हे लक्षात असू द्या.

आता अडकलेल्यांसाठी कामाचं. 'पैसे सुटायला आधी कर भरा' असा निरोप आला, की समजायचं, सगळं खोटं आहे. कर सरकारला भरतात, ॲपवाल्याला नाही. एक रुपयाही आणखी टाकू नका. लगेच १९३० या क्रमांकावर फोन करा. जितक्या लवकर कराल तितकी पैसे वाटेत अडवले जाण्याची शक्यता जास्त. दोन महिन्यांनी ती फार कमी राहते, हेही खरं सांगायला हवं. आपल्या बँकेला कळवा. रागाच्या भरात ॲप किंवा व्हॉट्सॲपचा ग्रुप काढून टाकू नका. आधी सगळ्याचे फोटो काढा, कुठल्या यूपीआयवर किती तारखेला किती पाठवले ते लिहून काढा, व्यवहाराचा क्रमांक जपा. मग जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा यवतमाळच्या सायबर पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. यानंतर एखादा फोन येईल, 'तुमचे बुडालेले पैसे काढून देतो, आधी फी भरा.' तो बहुतेक त्यांचाच भाऊबंद असतो.

ताईंनी १९३० ला फोन आमच्याच केंद्रातून लावला. तक्रार नोंदवली गेली आहे, पैसे अजून आलेले नाहीत. मुलीच्या फीचा पहिला हप्ता त्यांनी कानातले गहाण ठेवून भरला. पुढच्या सोमवारी गटाच्या बैठकीत त्यांनी सगळं सांगितलं आणि चौघींसमोर प्रत्येकी हजार रुपये ठेवले. दोघींनी उचलले. एक रडली. चौथी उठून गेली, अजून बोलत नाही. गटाच्या वहीत त्या दिवशीची नोंद आहे, ती मोठ्यानं वाचली गेली. त्या चौथीचे हजार रुपये अध्यक्षांकडे पाकिटात ठेवले आहेत.